वीस गांठींची दोरी : एमिल कुए ह्यांचें अल्प चरित्र

रेल्वे स्टेशनावरील पुस्तकांच्या दुकानांत डोकावलें असतां एका जातीचीं पुस्तकें हटकून दृष्टीस पडतात. मनांत श्रीमंतीचें चित्र रंगवावें म्हणजे श्रीमंती येते, यशाचा ध्यास घ्यावा म्हणजे यश चालत येतें, दुःखाचें नांवही काढूं नये म्हणजे दुःख जवळ फिरकत नाहीं, असा त्यांचा एकंदर उपदेश असतो. आमच्या शाळेंतील मुलें हीं पुस्तकें आवडीनें वाचतात, आणि पालकही तीं वाढदिवसाला हौसेनें विकत घेऊन देतात. हा सारा माल अमेरिकेंतून आला असा पुष्कळांचा समज आहे, व तो बराचसा खरा आहे. परंतु ह्या विचाराला ग्रंथांतून काढून साध्या माणसाच्या उशाशीं नेऊन बसविण्याचें काम ज्यानें केलें, तो मनुष्य अमेरिकन नव्हता, धर्मोपदेशक नव्हता, आणि डॉक्टरही नव्हता. तो फ्रान्समधील एक औषधांचा दुकानदार होता. एमिल कुए हें त्याचें नांव. आज तें तरुणांच्या कानांवर सहसा येत नाहीं. पण १९२० नंतरच्या पांच-सहा वर्षांत तें युरोप-अमेरिकेंत घरोघर माहीत झालें होतें. ह्या गृहस्थाचें चरित्र विद्यार्थ्यांपुढें ठेवण्याचा आम्ही येथें प्रयत्न करीत आहों. त्यांत घेण्यासारखें पुष्कळ आहे, आणि एका ठिकाणीं थबकून विचार करण्यासारखेंही आहे.

कुए ह्यांचा जन्म २६ फेब्रुवारी १८५७ रोजीं फ्रान्सच्या शांपेन प्रांतांतील त्र्वा ह्या शहरीं झाला. वडील रेल्वेंत नोकरीस होते. घरची स्थिति बेताची होती. मुलगा हुषार, आणि त्याला रसायनशास्त्राचा नाद. पण नाद वेगळा आणि पोटाचा धंदा वेगळा, हें गरीब घरांत लवकर कळतें. मुलाला औषधालयांत उमेदवारीस ठेवण्यांत आलें. त्याला रसायनशास्त्र नाहीं तरी रसायनें मिळालीं, असें म्हणावयास हरकत नाहीं. पुढें पॅरिस येथें अभ्यास करून ते औषधशास्त्राची परीक्षा उतरले, आणि १८८२ सालीं त्र्वा येथें येऊन दुकान चालवूं लागले. दोन वर्षांनीं त्यांचा विवाह झाला. पत्नी नान्सी शहरची. हें नान्सी शहर पुढें त्यांच्या आयुष्यांत फार महत्त्वाचें ठरावयाचें होतें.

त्या काळचा औषधवाला नुसत्या बाटल्या पुढें सरकवीत नसे. डॉक्टरनें लिहून दिलेलीं द्रव्यें तो स्वतः मोजी, खली, मिसळी, आणि तयार झालेलें औषध कसें घ्यावें हें गिऱ्हाइकाला समजावून सांगे. कुए ह्यांची नजर बारीक होती. एकच औषध दोघांना दिलें असतां, ज्याला तें देतांना चार आशेचे शब्द बोलले गेले त्याला गुण लवकर येतो, आणि ज्याच्या हातांत तें मुकाट्यानें ठेविलें त्याला तितका येत नाहीं, असें त्यांच्या ध्यानांत येऊं लागलें. औषधाचा गुण कोठें संपतो आणि शब्दाचा कोठें सुरू होतो, हा प्रश्न तेव्हांपासून त्यांच्या मागें लागला. आपल्याकडे गांवच्या एखाद्या वैद्याच्या हातगुणाची जी ख्याति असते, तिचें मूळही बहुधा ह्यांतच असावें. पुढें शास्त्रानें ह्या गोष्टीचा रीतसर विचार केला. १९५५ सालीं हेन्री बीचर ह्या अमेरिकन डॉक्टरांनीं, औषध म्हणून निर्गुण गोळी दिली तरी पुष्कळ रोग्यांना बरें वाटतें, ह्या विषयावर एक गाजलेला निबंध लिहिला. आज नव्या औषधाची परीक्षा घेतांना कांहीं रोग्यांना खरें औषध व कांहींना तसेंच दिसणारें निर्गुण द्रव्य देऊन दोहोंची तुलना करण्याचा प्रघात पडला आहे, तो ह्याच कारणानें. तेव्हां कुए ह्यांनीं दुकानाच्या फळीआडून जें पाहिलें तें खरें होतें, हें आधींच कबूल केलें पाहिजे.

१८८५ च्या सुमारास नान्सी येथें त्यांना लिएबो नांवाच्या एका वयस्कर डॉक्टरांचें काम पाहावयास मिळालें. लिएबो हे रोग्याला मोहनिद्रा आणीत, आणि त्या अवस्थेंत त्याला आरोग्याच्या सूचना देत. जो रोगी ह्या पद्धतीस कबूल होई त्याच्याकडून ते फी घेत नसत. नान्सीच्या विश्वविद्यालयांतील प्राध्यापक बर्नहाइम ह्यांनीं ही पद्धति उचलून धरली होती, त्यामुळें त्या शहराचें नांव वैद्यांच्या जगांत दुमदुमत होतें. कुए ह्यांनीं तें सर्व पाहिलें, कांहीं दिवस स्वतःही करून पाहिलें, पण त्यांचें समाधान झालें नाहीं. कित्येक रोग्यांना मोहनिद्रा लागतच नसे. त्यांचें काय करावें?

ह्या प्रश्नाचें उत्तर मिळावयास बरींच वर्षें लागलीं. १९०१ सालीं त्यांनीं अमेरिकेंतून टपालानें येणारे मोहनिद्रेचे धडे मागविले. चव्वेचाळीस वर्षांचा, चालतें दुकान असलेला संसारी गृहस्थ रात्रीं दिवा लावून टपालाचे धडे गिरवीत बसतो, ह्या चित्राचें आम्हांला मोठें कौतुक वाटतें. दहावीनंतर पुस्तक बांधून माळ्यावर टाकणाऱ्यांनीं तें डोळ्यांपुढें आणावें. हळूहळू त्यांच्या लक्षांत आलें कीं, मोहनिद्रा हा ह्या कामाचा गाभा नव्हे. सूचना देणारा कितीही मोठा असो, ऐकणाऱ्याच्या मनानें ती आपलीशी केली नाहीं तर ती वाऱ्यावर जाते. आणि मनानें आपलीशी केली तर मग दुसऱ्याची गरजच उरत नाहीं. मनुष्यानें स्वतःच स्वतःला सूचना द्यावी. ह्याला त्यांनीं स्वयंसूचना म्हटलें.

१९१० सालीं त्यांनीं धंदा सोडला व ते नान्सी येथें राहावयास गेले. तेथील त्यांच्या घराला बाग होती. तेथें रोगी जमूं लागले. शेतकरी, मजूर, श्रीमंतांच्या बायका, झोप न येणारे व्यापारी, तोतरीं मुलें असा तो मेळा असे. कोणाकडूनही पैसा घ्यावयाचा नाहीं हा त्यांचा नियम होता, आणि तो त्यांनीं पाळला. ते ठेंगणे, मिशा-दाढी राखलेले, हंसतमुख गृहस्थ होते. गूढ विद्येचा कसलाही आव त्यांच्या ठायीं नव्हता. एकेकाजवळ जाऊन ते विचारपूस करीत. मग कोणाला तरी दोन्ही हातांचीं बोटें एकमेकांत घट्ट गुंतवावयास सांगत, आणि आतां तीं सोडवतां येत नाहींत असाच विचार मनांत धरावयास लावीत. तो विचार मनांत आहे तोंपर्यंत बोटें खरोखरच सुटत नसत. सुटतील असा विचार आणला कीं सुटत. ह्या खेळांतून ते सर्वांना एक गोष्ट पटवीत, आणि मग डोळे मिटावयास सांगून संथ आवाजांत आरोग्याच्या सूचना देत : अन्न नीट पचेल, झोप गाढ लागेल, मनावरचें ओझें उतरेल. काठी टेकीत आलेले कांहीं लोक काठीवांचून घरीं गेल्याचें पाहणारांनीं लिहून ठेविलें आहे. १९१३ सालीं त्यांनीं ह्या कामासाठीं एक मंडळीही स्थापन केली.

ते पटवीत असत ती गोष्ट अशी. मनुष्याच्या ठायीं इच्छाशक्ति आहे आणि कल्पनाशक्तिही आहे. परंतु दोहोंचें भांडण लागलें तर इच्छाशक्ति नेहमीं हरते. ह्यासाठीं ते एका फळीचा दाखला देत. दहा मीटर लांब व पाव मीटर रुंद अशी फळी जमिनीवर ठेविली, तर तिच्यावरून लहान मूलही सहज चालत जाईल. तीच फळी एखाद्या मोठ्या देवळाच्या मनोऱ्याच्या उंचीवर टाकली, तर धीट मनुष्याचेही पाय दोन पावलांत लटपटतील. फळी तीच, पाय तेच, आणि पडूं नये ही इच्छा तर पूर्वीपेक्षां शंभरपट प्रबळ. पण मनानें पडण्याचें चित्र पाहिलें, आणि इच्छेचें कांहीं चालेनासें झालें. नवशिका सायकलवाला रस्त्यांतला धोंडा चुकवावा म्हणून जों जों धडपडतो तों तों नेमका त्या धोंड्यावरच जातो. झोप यावी म्हणून जो हट्ट धरतो त्याची झोप दूर पळते. व्यासपीठावर उभें राहून पाठ केलेलें भाषण विसरणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना ह्याहून अधिक पुरावा नको.

येथें पवित्र शास्त्र वाचणाऱ्याला एकदम ओळखीचा सूर ऐकूं येतो. रोमकरांस पाठविलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायांत प्रेषित पौलानें हाच पराभव स्वतःच्या नांवावर लिहून ठेविला आहे. चांगलें करावें अशी आपली इच्छा असते पण तें हातून होत नाहीं, आणि जें करूं नये असें वाटतें तेंच होऊन बसतें, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. मनुष्यानें मनांत आणलें कीं झालें, अशी फुशारकी एकोणिसाव्या शतकांत फार माजली होती. इच्छाशक्ति वाढविण्याचीं पुस्तकें ढिगांनीं निघत होतीं. त्या बाजारांत इच्छाशक्ति पुरी पडत नाहीं असें उघड सांगणारा हा दुकानदार आम्हांला फार प्रामाणिक वाटतो. रोगाचें निदान त्यानें पौलासारखेंच केलें. पौलानें मात्र ह्या पराभवांतून सुटका मागण्यासाठीं स्वतःच्या बाहेर पाहिलें, व प्रभु येशूचें नांव घेऊन आभार मानले. कुए ह्यांनीं त्याच घरांतील दुसऱ्या खोलीचें दार ठोठावलें. इच्छा हरते ना, मग कल्पनेला कामाला लावूं, असा त्यांनीं तोडगा काढला.

तो तोडगा जगप्रसिद्ध झाला. दररोज आणि सर्व बाजूंनीं आपण अधिकाधिक बरे होत चाललों आहों, अशा अर्थाचें एक लहानसें वाक्य त्यांनीं बसविलें. सकाळीं जाग येतांच आणि रात्रीं झोपण्यापूर्वीं, डोळे मिटून, ओठ हलवून, स्वतःच्या कानांना ऐकूं जाईल इतक्या आवाजांत, तें वीस वेळां म्हणावयाचें. मोजण्याकडे लक्ष जाऊं नये म्हणून वीस गांठी मारलेली एक दोरी हातांत ठेवावी व एकेक गांठ पुढें सरकवावी. जोर लावूं नये, आवेश आणूं नये. लहान मूल पाढा म्हणतें तसें एकसुरी म्हणावें. एवढेंच. ह्याला विद्या नको, पैसा नको, गुरुही नको.

लहान मुलांविषयीं त्यांनीं जें सांगितलें तें आमच्या धंद्याच्या लोकांनीं लक्ष देऊन वाचावें असें आहे. मुलाला आळशी, नालायक अशीं विशेषणें लावूं नयेत, चारचौघांत तर मुळींच लावूं नयेत. कारण तें ऐकून ऐकून मूल तसेंच होतें, असें त्यांचें म्हणणें होतें. ह्यांत तिळमात्र खोटें नाहीं. डोक्यांत बटाटे भरले आहेत काय, असा प्रश्न ज्या मुलाला रोज विचारला जातो, तें मूल कांहीं दिवसांनीं तो प्रश्न न मानतां उत्तरच मानूं लागतें. शाळेंत आणि घरांत मिळून आपण मुलांच्या कपाळावर जीं लेबलें चिकटवितों, तीं पुढें वीस-वीस वर्षें निघत नाहींत. मुलांच्या बापांना आम्ही हें मुद्दाम सांगतों. आया बहुधा जाणतात.

परंतु पालकांसाठीं त्यांनीं सुचविलेला दुसरा एक उपाय मोठा चमत्कारिक आहे. मूल झोपी गेलें म्हणजे आईनें किंवा बापानें पाऊल न वाजवितां त्याच्या खोलींत जावें, बिछान्यापासून थोडें दूर उभें राहावें, आणि त्यानें अभ्यास करावा, नीट वागावें, प्रकृति सांभाळावी, असें जें जें आपणांस वाटतें तें पुटपुटल्यासारखें पंधरा-वीस वेळां बोलून, मुलाला न जागवितां परत यावें. ह्यांतील माया आम्हांला दिसते. तरी पण मनुष्याला बदलण्यासाठीं त्याला न कळत त्याच्या मनांत शिरावें, ही गोष्ट आम्हांला रुचत नाहीं. ज्या मुलाशीं दिवसभरांत धड दोन वाक्यें बोलणें झालें नाहीं, त्याच्याशीं तें झोपल्यावर काय बोलावयाचें? उधळ्या पुत्राच्या दृष्टांतांतील बाप जागा राहिला, वाटेकडे डोळे लावून बसला, आणि मुलगा आपल्या पायांनीं परत येईपर्यंत थांबला. ओढून आणणें त्याच्या हातीं नव्हतें असें नाहीं. मुलाचें मन मुलाचेंच राहूं द्यावयाचें होतें.

१९१४ ते १९१८ च्या महायुद्धानें युरोपची जी दशा केली तिच्यामुळें कुए ह्यांची कीर्ति एकाएकीं वाढली, असें आम्हांला वाटतें. लाखों तरुण मेले होते. वांचले त्यांतील कित्येकांचीं मनें मोडलीं होतीं. त्यांतच इन्फ्लुएंझाची साथ येऊन गेली. अशा दमलेल्या लोकांना सोपी, फुकट आणि आशेची गोष्ट हवी होती. जिनीव्हा येथील शार्ल बोदुअं ह्या विद्वानानें १९२० सालीं ह्या पद्धतीवर मोठें पुस्तक लिहिलें. कुए ह्यांचें स्वतःचें लहानसें पुस्तकही इंग्रजींत निघालें. इंग्लंडांत त्यांचीं व्याख्यानें झालीं. १९२३ च्या जानेवारींत ते न्यूयॉर्कला पोंचले, तेव्हां वर्तमानपत्रांचे बातमीदार त्यांच्या मागें धांवत होते. त्यांचें तें वाक्य नाटकांत, गाण्यांत, चहाच्या टेबलावर, थट्टेंत आणि भक्तींत सर्वत्र ऐकूं येऊं लागलें. साठी उलटलेल्या ह्या साध्या गृहस्थाला तो गाजावाजा कितपत मानवला असेल कोण जाणे. आपण कोणालाही बरें करीत नाहीं, बरें होण्याची शक्ति ज्याची त्याच्यापाशींच असते, असें ते पुनःपुन्हां सांगत राहिले. आणि डॉक्टरचें औषध बंद करूं नका असेंही बजावीत राहिले. हें त्यांच्या पश्चात् आलेल्या पुष्कळ उपदेशकांच्या तोंडून ऐकूं येत नाहीं. तथापि दांत काढल्यावर वाहणारें रक्त सूचनेनें थांबवितां येतें, इथपर्यंत त्यांनीं मजल मारली होती, हेंही लपवूं नये. वेदना, झोप, भीति, तोतरेपणा हीं एक गोष्ट. जखम, गांठ, जंतु ही दुसरी. ह्या दोहोंमधील कुंपण त्यांनीं नीट राखलें नाहीं.

आतां जेथें थबकावें असें आम्ही आरंभीं म्हटलें, तेथें आलों. वीस गांठींची ती दोरी पाहून कोणालाही रोमन कॅथॉलिक बंधूंची जपमाळ आठवेल, आणि आपल्या मुलुखांतील माणसाला वारकऱ्याची तुळशीची माळही आठवेल. पण माळ ओढणारा कोणाचें तरी नांव घेत असतो. त्याचें बोलणें कोणी ऐकत आहे असा त्याचा विश्वास असतो. कुए ह्यांच्या वाक्यांत दुसरा कोणीच नाहीं. बोलणारा तोच, ऐकणारा तोच, देणारा तोच आणि घेणाराही तोच. नुसत्या पुनरुक्तीनें देव ऐकतो असें समजूं नका, असा इशारा प्रभूनें डोंगरावरील प्रवचनांत दिला आहे. येथें तर ऐकणारा देवही काढून टाकला आहे. शिवाय रोज आपण बरे होत चाललों आहों असें ज्याला सकाळ-संध्याकाळ म्हणावयाचें आहे, त्यानें आज आपलें चुकलें असें कोणत्या वेळीं म्हणावें? मंदिरांत मागें उभा राहून छाती बडवणाऱ्या जकातदाराला ह्या पद्धतींत जागा नाहीं. पुढें उभ्या असलेल्या परूश्याला मात्र ती अगदीं बेताची बसेल.

हा केवळ धर्मशास्त्रांतला काथ्याकूट आहे असें कोणी समजूं नये. आमच्या परिचयाचा एक मुलगा दहावीच्या परीक्षेंत नापास झाला. वहीच्या पहिल्या पानावर आपण पहिल्या वर्गांत येणारच असें त्यानें वर्षभर रोज लिहिलें होतें. निकालानंतर तो तीन दिवस कोणाशीं बोलला नाहीं. गुण कमी पडले ह्याचें त्याला जितकें दुःख होतें, त्याहून अधिक दुसऱ्याच गोष्टीचें होतें. गणिताच्या पेपराच्या आदल्या रात्रीं त्याच्या मनांत क्षणभर शंका आली होती, आणि त्या शंकेनेंच सर्व बिघडविलें असें त्यानें मनाशीं ठरवून टाकलें होतें. नापास होणें हें एक ओझें. आपल्या मनानेंच आपल्याला नापास केलें हें दुसरें. पहिलें ओझें परीक्षेनें दिलें होतें. दुसरें त्याला एका पुस्तकानें दिलें होतें. त्याचा पाया कच्चा आहे व त्याला त्रिकोणमितीचे धडे पुन्हां कोणी तरी शिकविले पाहिजेत, ही साधी गोष्ट त्या पुस्तकांत नव्हती. पुढें एका शिक्षकानें ते शिकविले, आणि मुलगा दुसऱ्या खेपेस उतरला.

ईयोबाचे मित्र असेंच करीत. तो राखेंत बसला होता, लेंकरें गेलीं होतीं, अंगावर फोड उठले होते. आणि ते त्याला समजावीत होते कीं, तुझें कोठें तरी चुकलें असलें पाहिजे. त्यांनीं चूक आचरणांत शोधली. आजचे मित्र ती विचारांत शोधतात. खाटेवरच्या क्षयाच्या रोग्याला, मूल गमावलेल्या आईला, धंदा बुडालेल्या बापाला ते हंसतमुखानें सांगतात कीं, तुम्ही वाईट कल्पना मनांत आणली म्हणून वाईट झालें. देवानें ईयोबाच्या त्या मित्रांचें म्हणणें मान्य केलें नाहीं, हें त्या ग्रंथाच्या शेवटच्या अध्यायांत आहे. स्तोत्रसंहिता उघडून पाहावी. तींत रडणें किती आहे, आणि तें देवापुढें किती मोकळेपणानें आहे! गेथशेमाने बागेंत आपला प्रभु अतिशय खिन्न झाला होता, आणि ती खिन्नता त्यानें शिष्यांपासून लपविली नाहीं. प्याला टळावा म्हणून त्यानें प्रार्थना केली, आणि प्याला टळला नाहीं. पौलाच्या देहांत जो कांटा होता तो काढून टाकावा म्हणून त्यानें तीन वेळां विनंती केली, असें करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रांत आहे. कांटा राहिला. त्याला मिळाली ती कृपा, आणि ती पुरे आहे असें सांगणारा दुसरा कोणी तरी होता. वीस वेळां काय, वीस हजार वेळां स्वतःशीं बोलून तें सांगणें त्याला ऐकूं आलें नसतें.

असें असलें तरी चांगल्या गोष्टींवर मन ठेवावें ही शिकवण ख्रिस्ती माणसाला परकी नाहीं. फिलिप्पैकरांस लिहितांना पौलानें तीच सांगितली आहे, आणि तीही तुरुंगांतून. तुरुंगाला राजवाडा म्हणावें असें मात्र त्यानें सांगितलें नाहीं. जे सत्य आहे त्याचा विचार करा असें म्हणतांना त्यानें सत्याला यादींत पहिलें स्थान दिलें आहे.

पुढें ह्या विचाराला ख्रिस्ती व्यासपीठही मिळालें. न्यूयॉर्कचे पाळक नॉर्मन व्हिन्सेंट पील ह्यांनीं १९५२ सालीं सकारात्मक विचाराच्या सामर्थ्यावर पुस्तक लिहिलें, तें लाखांनीं खपलें, आणि त्याचें मराठी भाषांतरही आपल्याकडे मिळतें. त्यांत बायबलाचीं वचनें जागोजागीं पेरलेलीं आहेत. त्याच शहरांतील ईश्वरविद्येचे प्राध्यापक राइनहोल्ड नीबुर ह्यांनीं त्यावर कडक टीका केली. जीवनांतील खरे प्रश्न टाळून नुसतें बरें वाटावयास लावणारी ही शिकवण आहे, असा तिचा रोख होता. पील ह्यांच्या पुस्तकानें कित्येक घाबरट माणसांना धीर दिला हें खरें आहे, आणि धीर ही लहान वस्तु नव्हे. आम्हांला खटकतें तें एवढेंच कीं, कुए ह्यांनीं देवाला बोलावलें नव्हतें. येथें बोलावून त्याला दोरीची एकविसावी गांठ केलें आहे. मानसशास्त्राच्या अभ्यासकांनाही अलीकडे ह्या उपायाविषयीं शंका येऊं लागल्या आहेत. २००९ सालीं कॅनडांत झालेल्या एका प्रयोगांत, ज्यांना स्वतःविषयीं मुळांतच कमीपणा वाटतो त्यांनीं स्वतःची स्तुति करणारें वाक्य पुनःपुन्हां म्हटलें असतां त्यांना अधिकच वाईट वाटलें, असें आढळलें. ह्या निष्कर्षाविषयीं संशोधकांत एकमत झालेलें नाहीं, तेव्हां त्यावर फार भार देणें बरें नव्हे. परंतु ज्याला दोरीची गरज सर्वांत अधिक त्याच्याच हातांत ती तुटते कीं काय, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे खरा.

प्रवास, व्याख्यानें आणि रोग्यांची अखंड रीघ ह्यांनीं कुए थकत चालले होते. तरी त्यांनीं काम सोडलें नाहीं. २ जुलै १९२६ रोजीं, वयाच्या सत्तराव्या वर्षीं, नान्सी येथें त्यांचें निधन झालें. दररोज बरा होत जाणारा मनुष्य मेला कसा, असें म्हणून कांहीं लोक हंसले. हें हंसणें आम्हांला फार हलकें वाटतें. प्रभूनें ज्याला थडग्यांतून बोलावून घेतलें तो लाजारही पुढें केव्हां तरी मेलाच असला पाहिजे. ज्या मनुष्याच्या दाराशीं सोळा वर्षें गरीब-श्रीमंत सारखेच आले, आणि ज्यानें त्यांच्यापैकीं एकाकडूनही दमडी घेतली नाहीं, त्याच्या मरणावर थट्टा करणें शोभत नाहीं. त्यांचें दफन नान्सी येथेंच झालें.